जुनाट दुखणें आणि रुग्णाची स्वाधीनता

रोगांचे स्थूलमानानें दोन वर्ग करतां येतील. कांहीं रोग पाहुण्यासारखे येतात. चार दिवस घर उलथेंपालथें करतात आणि मग एकटेच निघून जातात, किंवा रोग्यास बरोबर घेऊन जातात. दुसऱ्या वर्गांतले रोग बिऱ्हाडकरूसारखे असतात. एकदां घरांत शिरले म्हणजे त्यांचें ठाणें हलत नाहीं. त्यांच्याशीं रोजचा व्यवहार ठेवूनच उरलेलें आयुष्य काढावें लागतें. आमच्या आजोबांच्या पिढीला भीति होती ती पहिल्या वर्गाची, म्हणजे प्लेग, पटकी व देवी ह्यांची. आजच्या घरांत चर्चा चालते ती मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा आणि हृद्रोग ह्यांची. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेही माणसांची संख्या १० कोटींच्या वर गेली असून प्रौढांपैकीं शेंकडा ३५ जणांस वाढलेल्या रक्तदाबाचा विकार आहे. तेव्हां असा एखादा बिऱ्हाडकरू ज्या घरांत नाहीं, असें एकत्र कुटुंब जळगांव-धुळ्याकडे शोधूं गेल्यास सांपडणें कठीणच.

ह्या दुसऱ्या वर्गांतील रोगांचा एक विशेष आहे. विषमज्वरांत रोगी निजून राहतो आणि बाकीचे सर्व कांहीं करतात. जुनाट दुखण्यांत तसें चालत नाहीं. डॉक्टरांच्या दवाखान्यांत तासभर बसल्यावर रोग्याच्या वाट्यास फार तर दहा मिनिटें येतात. महिन्यांतून एकदां गेलें, तर वर्षाकाठीं झाले दोन तास. बाकीचें सारें वर्ष, ताटांत काय वाढून घ्यावें, गोळी केव्हां घ्यावी, किती चालावें, पायाला झालेली जखम केव्हां दाखवावी, हे निर्णय घरांतच होतात. प्रश्न असा कीं, ते करतो कोण? रोगी स्वतः करतो, कीं त्याच्या वतीनें घरचीं माणसें करतात? आणि रोग्याच्या हातीं कांहींच राहिलें नाहीं, तर त्याचा त्याच्या मनावर व प्रकृतीवर परिणाम होतो काय? ह्या प्रश्नावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं पुष्कळ संशोधन केलें आहे. त्याचा सारांश आमच्या वाचकांपुढें ठेवावा, आणि आपल्या कुटुंबांस त्यापासून काय घेतां येईल ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

तत्पूर्वीं आपल्याकडील एका जुन्या विचाराची आठवण करून देणें अवश्य वाटतें. चरकसंहितेंत रोगांचे साध्य व असाध्य असे दोन भेद करून आचार्य थांबलेले नाहींत. असाध्यांतच 'याप्य' म्हणून एक पोटभेद त्यांनीं सांगितला आहे. जो रोग मुळापासून जात नाहीं, परंतु पथ्य व उपचार चालूं असेपर्यंत आटोक्यांत राहतो आणि माणसास आयुष्य जगूं देतो, तो याप्य. आजच्या मधुमेहास किंवा संधिवातास ह्याहून समर्पक शब्द मिळावयाचा नाहीं. त्याच ग्रंथांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांत वैद्यास प्रमुखत्व दिलें आहे हें खरें. पण रोगी हा चिकित्सेचा विषय नसून तिचा एक पाद आहे, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच्या अंगीं चार गुण असावे असें म्हटलें आहे: स्मरण, सांगितल्याप्रमाणें वागणें, निर्भयता, आणि आपल्या दुखण्याचें यथार्थ वर्णन करतां येणें. म्हणजे जो भ्यालेला आहे, किंवा ज्याला कोणी बोलूंच देत नाहीं, अशा रोग्याची चिकित्सा तीन पायांवर लंगडत चालते. परिचारकाचेहि चार गुण दिले आहेत: उपचाराचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता. हुकमत हा गुण त्या यादींत नाहीं.

आतां अर्वाचीन संशोधनाकडे वळूं. सन १९६६ मध्यें ज्यूलियन रॉटर ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, आयुष्यांत घडणाऱ्या गोष्टींचें सूत्र कोणाच्या हातीं आहे, ह्याविषयीं माणसांच्या समजुती वेगवेगळ्या असतात. कित्येकांस तें आपल्या हातीं आहे असें वाटतें; कित्येकांस तें दैवाच्या किंवा दुसऱ्या प्रबळ माणसांच्या हातीं आहे असें वाटतें. हीच कल्पना पुढें आरोग्याच्या क्षेत्रास लावण्यांत आली. येथें एक भेद ध्यानीं धरावा. प्रत्यक्ष सत्ता किती आहे हा एक प्रश्न, आणि ती आहे अशी जाणीव किती आहे हा दुसरा. संशोधकांचें लक्ष विशेषतः ह्या जाणिवेकडे लागलें.

एलन लँगर व ज्यूडिथ रोडिन ह्या दोन विदुषींचा प्रयोग ह्या बाबतींत प्रसिद्ध आहे. कनेक्टिकट संस्थानांतील एका वृद्धाश्रमांत त्यांनीं दोन मजल्यांवरील रहिवासी निवडले. एका मजल्यावरच्या वृद्धांस सांगण्यांत आलें कीं, खोलीची मांडणी कशी असावी हें तुम्हींच ठरवावें, चित्रपट पाहावयाचा असल्यास दिवस तुम्हींच निवडावा, आणि हें लहानसें रोपटें घेऊन त्याची निगा तुम्हींच राखावी. दुसऱ्या मजल्यावरच्यांसहि रोपटें मिळालें, चित्रपटहि मिळाला. पण त्यांस सांगितलें कीं, तुमची सर्व व्यवस्था आम्ही ठेवूं, रोपट्यास पाणीहि परिचारिकाच घालतील. वागणुकींत माया दोन्हीकडे सारखीच होती. सन १९७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणें तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरचीं बहुतेक माणसें अधिक हुशार व उत्साही दिसलीं. दुसऱ्या मजल्यावरचीं बहुसंख्य माणसें खालावलीं. दीड वर्षानें पुनः पाहिलें, तों पहिल्यांपैकीं शेंकडा १५ व दुसऱ्यांपैकीं शेंकडा ३० मृत्यु पावलीं होतीं. प्रयोगांतील माणसें शंभराच्या आंतच होतीं, म्हणून मृत्यूच्या आंकड्यावर फार मोठी इमारत उभारूं नये, असा इशारा जाणत्यांनीं दिला आहे व तो योग्यच आहे. तथापि ज्यानें प्रेमानें का होईना दुसऱ्याचें सर्वच आपल्या हातीं घेतलें, त्यानें विचार करावा असें त्यांत कांहीं आहे खास.

त्याच सुमारास रिचर्ड शुल्झ ह्यानें आणखी एक प्रयोग केला. वृद्धांच्या भेटीस महाविद्यालयीन विद्यार्थी पाठविण्यांत आले. कांहीं वृद्धांस भेट केव्हां व किती वेळ असावी हें स्वतः ठरवितां येई. कांहींस भेट कधीं आहे एवढें आधीं कळविलें जाई. कांहींकडे विद्यार्थी अवचित जात. आणि कांहींकडे कोणीच जात नसे. ठरविणारे व आधीं कळलेले हे दोन्ही वर्ग सारखेच सुधारले. म्हणजे सर्वच गोष्टी ठरविण्याचा अधिकार नसला, तरी पुढें काय होणार आहे हें आगाऊ कळणें, हेंहि मनास आधार देण्यास पुरतें. परंतु ह्या प्रयोगाचा उत्तरभाग दुःखद आहे. भेटी बंद झाल्यावर पुढें चौकशी केली, तेव्हां ज्यांस हा आधार मिळाला होता तेच वृद्ध अधिक खालावलेले आढळले. दिलेली सत्ता काढून घेणें हें ती मुळींच न देण्याहून वाईट, असा ह्याचा बोध आहे.

येथें कोणी विचारील कीं, जो रोग बरा होणारच नाहीं त्याच्यावर सत्ता ती कसली? शंका रास्त आहे, आणि संशोधकांनीं ती टाळलेली नाहीं. शेली टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९८४ मध्यें स्तनाच्या कर्करोगांतून गेलेल्या ७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या आजारावर आपली स्वतःची कांहीं सत्ता चालते असें मानणाऱ्या, तसेंच आपल्या डॉक्टरांची चालते असें मानणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया मनानें अधिक सावरलेल्या दिसल्या. सन १९८७ मध्यें ग्लेन ॲफ्लेक व सहकाऱ्यांनीं संधिवाताच्या रुग्णांची पाहणी केली, तिनें ह्या विषयांतील मर्म उघड केलें. रोजची वेदना, औषधोपचार, दिवसाचा क्रम ह्यांवर आपला ताबा आहे असें ज्यांस वाटत होतें, त्यांचें मन प्रसन्न होतें. पण ज्यांचा रोग बळावलेला होता आणि तरीहि रोगाची एकंदर गति आपणच आंवरूं असें जे मानीत होते, ते अधिक खिन्न आढळले. ताब्याची जाणीव हितकर खरी, पण ती योग्य ठिकाणीं बसली पाहिजे. अशक्य ठिकाणीं बसविली कीं तीच शल्य होते.

ह्याहून व्यवहारोपयोगी काम स्टॅनफर्ड विद्यापीठांतील केट लोरिग ह्यांचें आहे. संधिवाताच्या रुग्णांसाठीं त्यांनीं आठवड्यास दोन तास, असे सहा आठवड्यांचे वर्ग काढले. शिकविणारे डॉक्टर नव्हते. तयार केलेलीं साधीं माणसें होतीं व त्यांतील अनेक स्वतः संधिवाताचे रोगी होते. व्यायाम, विश्रांति, वेदनेचा सामना, डॉक्टरांशीं कसें बोलावें, लहानसा आठवड्याचा संकल्प कसा करावा, हें तेथें शिकवीत. चार वर्षांनीं घेतलेला आढावा सन १९९३ मध्यें प्रसिद्ध झाला. वेदना सरासरीनें शेंकडा २० नीं कमी झाली होती; डॉक्टरांकडील खेपा शेंकडा ४० नीं घटल्या होत्या; आणि नवल हें कीं, शरीराचें अपंगत्व मात्र शेंकडा ९ नीं वाढलें होतें. रोग आपल्या वाटेनें पुढें गेला, पण माणूस त्याच्या मागें फरफटत गेला नाहीं. आणखी एक गोष्ट लोरिग ह्यांस आढळली. कोणी किती व्यायाम केला ह्यापेक्षां 'मला हें जमेल' हा विश्वास कोणाचा किती वाढला, ह्याचा सुधारणेशीं अधिक जवळचा संबंध होता.

आमच्या वाचकांपैकीं कांहींजण म्हणतील कीं, हा सर्व पाश्चात्त्य पुरुषार्थवाद झाला. आपण तर प्रारब्ध मानणारे. पण प्रारब्ध मानणें आणि हातपाय गाळणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. अलाहाबाद विद्यापीठांतील अजित दलाल व नमिता पांडे ह्यांनीं अपघातानें जायबंदी झालेल्या रुग्णांचा अभ्यास सन १९८८ मध्यें प्रसिद्ध केला. अपघाताचें कारण म्हणून कर्म व ईश्वरेच्छा ह्यांचा उल्लेख रुग्ण पुष्कळदां करीत. परंतु असें मानणें आणि मनानें सावरणें ह्यांत त्यांस विरोध आढळला नाहीं. दुखणें कां आलें ह्याचें उत्तर दैवाकडे सोंपवून, आतां काय करावयाचें ह्याचें उत्तर स्वतःकडे ठेवणारा माणूस आपल्या समाजांत विरळा नाहीं. आमच्या खानदेशास तर ह्या विचाराची विशेष ओळख असावयास हवी. सन १९३२ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. ऐकणारे सर्व बंदिवान. बाहेरच्या गोष्टींवर त्यांची यत्किंचित् सत्ता नव्हती. अशांपुढें कर्माचा अधिकार व फलाविषयींची अनासक्ति ह्यांचें विवरण झालें, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें. ॲफ्लेक ह्यांस संधिवाताच्या रुग्णांत जो भेद दिसला, तो कर्म आणि फल ह्यांतील भेदाहून फार निराळा नाहीं. विनोबांची स्वतःची प्रकृतीहि नाजूक होती. सन १९३८ मध्यें ती फार ढासळली, तेव्हां त्यांनीं थंड हवेच्या ठिकाणीं न जातां पवनारास मुक्काम केला, मनावरचा सर्व भार उतरविला, रोज खणण्याचें काम केलें, आणि प्रकृति सुधारली.

महाराष्ट्रांत ह्याचीं मोठीं उदाहरणें आणखीहि आहेत. वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणारे बाबा आमटे ह्यांनीं महारोग्यांस दान देण्याऐवजीं काम दिलें. झडलेल्या बोटांच्या माणसांनीं तेथें विहिरी खणल्या, शेती पिकविली, इमारती उभ्या केल्या. रोगाचे जंतु औषधानें मारले जातात. पण 'आपण कोणाच्या कामाचे नाहीं' ही भावना औषधानें मरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. पुढें त्यांच्या स्वतःच्या पाठीच्या कण्यास असा विकार जडला कीं, त्यांस बसणें अशक्य झालें. उभें राहावें किंवा निजावें, एवढेच दोन मार्ग उरले. त्या स्थितींत सन १९८५ मध्यें त्यांनीं कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा काढली. दुसरें उदाहरण गडचिरोलीचे डॉ. अभय बंग ह्यांचें. पन्नाशी गाठण्यापूर्वींच त्यांस हृद्रोगाचा झटका आला. इतरांस बरें करणारा हा डॉक्टर स्वतः रोगी झाला, तेव्हां आपला आहार, श्रम, राग, चिंता ह्या सर्वांचा त्यानें कसून शोध घेतला, आणि तो 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' ह्या पुस्तकांत प्रांजळपणें मांडला. डॉक्टरी उपचार न सोडतां आपल्या प्रकृतीची वही आपण स्वतः कशी लिहावी, ह्याचा तो मराठींतील उत्तम पाठ आहे.

परंतु मोठ्या माणसांचीं उदाहरणें ऐकून आपण 'त्यांची गोष्ट वेगळी' असें म्हणून मोकळे होतों. म्हणून घरगुती गोष्टीकडे येतों. धुळ्यास आमच्या परिचयाचे एक वृद्ध वकील आहेत. हृदयावर उपचार झाल्यावर त्यांचे मुलगे धांवून आले व त्यांनीं वडिलांची सर्व जबाबदारी घेतली. गोळ्या मुलानें काढून द्यावयाच्या, जिना चढावयाचा नाहीं, पांझरेच्या कांठीं फिरावयास जावयाचें नाहीं, बँकेचें पुस्तक धाकट्याकडे, आणि डॉक्टरांपुढें बोलावयाचें तें थोरल्यानें. सहा महिन्यांत, ज्या गृहस्थांनीं न्यायालय गाजविलें, ते 'आज मी काय जेवूं?' असें नातवास विचारूं लागले. मुलांच्या प्रेमांत उणें नव्हतें. उणें होतें तें वडिलांच्या हातीं उरलेल्या कामांत. पुढें सूनबाईंनीं एक कोरी वही त्यांच्यापुढें ठेवली व म्हणाल्या, "मामंजी, रक्तदाब रोज तुम्हींच मोजायचा आणि ह्यांत लिहायचा. आठवड्याच्या गोळ्याहि रविवारीं तुम्हींच लावून ठेवायच्या. मी फक्त एकदां पाहीन." डॉक्टरांस विचारून सकाळचें फिरणेंहि सुरू झालें. त्यांचें हृदय कांहीं नवें झालें नाहीं. पण आतां दवाखान्यांत ते स्वतः वही उघडून बोलतात, आणि थोरले चिरंजीव शेजारीं उभे राहून ऐकतात.

वडीलधाऱ्या पुरुषांची ही कथा. घरांतील स्त्रियांची ह्याहून बिकट आहे. त्यांच्या हातचा ताबा दुखणें आल्यावर जातो असें नाहीं. कित्येकींच्या हातीं तो आधींपासूनच नसतो. मधुमेह असलेली गृहिणी सर्वांचीं पानें उठल्यावर दुपारीं तीन वाजतां उरलेलें जेवते. मग 'जेवणाची वेळ सांभाळा' हा डॉक्टरांचा उपदेश तिनें कोणत्या घड्याळावर पाळावा? गुडघे सुजलेल्या सासूबाईंस 'बसा' म्हणणारे पुष्कळ, पण त्या बसल्या तर भाकरी कोण थापणार हें कोणी सांगत नाहीं. सुनेस दमा असेल, तर फोडणीचा धूर व माळ्यावरची धूळ तिच्याच वाट्यास कां, हा प्रश्नहि विचारला जात नाहीं. उपवासाचेंहि तसेंच. मधुमेहाच्या कांहीं औषधांवर असतां निर्जळ उपवास केल्यास रक्तांतील साखर धोक्याच्या खालीं जाऊं शकते. आजारी, वृद्ध व बालक ह्यांस कडक उपवासांतून धर्मशास्त्रानेंच सूट दिली आहे. ती घेण्याचा अधिकार त्या बाईस असावा, आणि तो तिनें वापरल्यास कोणी टोमणा मारूं नये. स्त्रीच्या दुखण्यांत कुटुंबानें पहिलें औषध कोणतें द्यावें असें विचाराल, तर आम्ही म्हणूं, वेळेवर जेवण्याची व दुपारीं अर्धा तास पडण्याची मोकळीक.

पथ्यासंबंधींहि हाच न्याय लावावा. आमच्या जळगांवांत केळें आणि भरीत-पुरी ह्यांपासून माणसास कायमचें तोडणें म्हणजे त्यास गांवांतून हद्दपार करणेंच होय. 'हें तुम्हांला वर्ज्य' असें म्हणून ताट ओढण्यापेक्षां, डॉक्टरांच्या सल्ल्यानें किती चालेल हें रोग्यानें स्वतः ठरवावें. हल्लीं बोटाच्या एका थेंबावर साखर पाहण्याचें यंत्र घरोघर आलें आहे. जेवणानंतर दोन तासांनीं रोग्यानें स्वतः पाहिलेला आंकडा त्याला जें शिकवितो, तें दहा जणांच्या दटावणीनें साधत नाहीं.

येथें दोन सावधगिरीच्या सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. पहिली अशी कीं, स्वाधीनता म्हणजे औषधाशीं वैर नव्हे. सन १९२२ पूर्वीं, म्हणजे इन्सुलीन माणसास प्रथम टोंचलें जाण्यापूर्वीं, लहानपणीं मधुमेह जडलेल्या मुलास फार दिवस जगवितां येत नसे. आज तीं मुलें म्हातारीं होतात. 'मनोबलानें बरा होईन' म्हणून असें औषध सोडणें हा आत्मघात आहे. दुसरी सूचना अधिक नाजूक आहे. सत्ता तुझ्या हातीं होती, म्हणून दोषहि तुझाच, असा निष्कर्ष कोणीहि काढूं नये. साखर वाढली कीं 'तुम्हींच चोरून खाल्लें असेल', सांधा सुजला कीं 'व्यायाम चुकविला ना?', असें म्हणणारें घर रोग्याच्या हातीं लगाम देत नाहीं, पाठीवर चाबूक देतें. याप्य रोग पथ्य पाळूनहि कधीं कधीं बळावतो. अशा वेळीं रोग्यास समजूत हवी असते. साक्षीपुरावा नको असतो.

एकत्र कुटुंबाचा मोठा गुण हा कीं, त्यांत आजारी माणूस एकटा पडत नाहीं. तोच दोष केव्हां होतो, हेंहि आपण पाहिलें. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, ज्यांच्या घरांत असें जुनाट दुखणें आहे त्यांनीं एखाद्या सायंकाळीं रोग्याजवळ बसून तीन गोष्टी विचाराव्या: तुमच्या दुखण्यांतलें कोणतें काम तुम्ही स्वतः करूं इच्छितां? आम्हीं कशांत हात घालूं नये? आणि पुढच्या महिन्यांत काय काय होणार आहे हें तुम्हांस नीट सांगितलें गेलें आहे ना? मिळालेलीं उत्तरें शक्य तेवढीं पाळावीं, आणि एकदां दिलेलें काम पुनः काढून घेऊं नये. ह्यानें रोग घरांतून जाईलच असें नाहीं. पण घराचा कारभार बिऱ्हाडकरूच्या हातीं न जातां ज्याचा त्याच्याच हातीं राहील.